कॅमेऱ्याची बॅटरी मूळ कंपनीची घ्यावी की दुसऱ्या कंपनीची: घरच्या घरी तुलना करण्याची रीत

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, तेव्हा हवेत गुलाल दाटलेला असतो, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडत असतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कॅमेऱ्याचे बॅटरीचे झाकण उघडणे म्हणजे आत रंग जाऊ देणेच असते. अशाच एका गेरीत माझ्या कॅमेऱ्याचा पडदा बॅटरी निम्मी शिल्लक असल्याचे दाखवीत होता आणि पुढच्या काही मिनिटांत कॅमेरा बंद पडला. ती बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली होती आणि कामावर नेण्यापूर्वी मी ती एकदाही तपासली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक बॅटरीची वहीत नोंद ठेवू लागलो. पुढील रीत त्या नोंदींतून ठरत गेली आहे, आणि छायाचित्रण व्यवसाय म्हणून करणाऱ्यालाच नव्हे, तर घरच्या मुंजी आणि लग्ने टिपणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

तुलनेला बसण्यापूर्वी एक घोटाळा दूर करायला हवा. दुकानात 'कंपनीची' आणि 'लोकल' असे दोनच प्रकार सांगितले जातात. प्रत्यक्षात ते तीन आहेत. पहिला, कॅनन, निकॉन, सोनी यांसारख्या कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची मूळ बॅटरी. दुसरा, डिजीटेक, नीवर किंवा स्मॉलरिग यांसारख्या कंपन्यांनी स्वतःच्या नावाने, उघडपणे विकलेली, त्याच मापाची पर्यायी बॅटरी. तिसरा, मूळ कंपनीचे नाव आणि वेष्टन नक्कल करून विकलेली बनावट बॅटरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकाच 'डुप्लिकेट' या शब्दात गुंडाळणे मला अन्यायाचे वाटते, कारण पर्यायी बॅटरी विकणारा आपले नाव लावून विकतो, तर बनावट बॅटरीमागे जबाबदारी घेणारे कोणीच नसते. मूळ बॅटरी नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर ती बहुधा याच तिसऱ्या प्रकारची असते, आणि तिची तुलना करण्यात वेळ घालवू नये.

लेबल वाचताना बहुतेक जण मिलिअँपिअर-तास हा आकडा पाहतात. त्याहून महत्त्वाचा आकडा वॉट-तासांचा आहे, कारण बॅटरीत साठणारी ऊर्जा त्याच आकड्यात कळते. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. सोनीच्या एनपी-एफझेड१०० या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, म्हणजे ७.२ गुणिले २.२८, अर्थात सुमारे १६.४ वॉट-तास. पर्यायी बॅटरीच्या लेबलावरचे तीन आकडे असा गुणाकार करून जुळतात का ते पाहावे. ते जुळत नसतील, तर लेबल छापणाऱ्याने आकडे कोठून तरी उचलले आहेत असे समजण्यास हरकत नाही.

आकडे जुळले तरी ते शक्य आहेत का, हा प्रश्न उरतो. त्यासाठी मूळ कंपनीचाच इतिहास हाताशी धरावा. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ मध्ये आली, तेव्हा तिची क्षमता १८०० मिलिअँपिअर-तास होती. २०१४ च्या एलपी-ई६एन मध्ये ती १८६५ झाली आणि २०२० च्या एलपी-ई६एनएच मध्ये २१३०. बॅटरीचा बाहेरचा आकार तोच राहिला आणि आतल्या सेलमधील सुधारणेमुळे क्षमता वाढली, पण बारा वर्षांत ती वाढ १८ टक्क्यांच्या आसपासच आहे. त्याच आकाराची बॅटरी एखादा विक्रेता एकतृतीयांश किमतीत देत असेल आणि तिच्यावर ३००० असा आकडा छापलेला असेल, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

वजनही बरेच सांगते. एलपी-ई६ मापाची मूळ बॅटरी सुमारे ८० ग्रॅमची असते. आमच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानदाराच्या काट्यावर मी बॅटऱ्या तोलून घेतो. घरचा स्वयंपाकाचा डिजिटल काटाही चालेल. मूळ बॅटरीपेक्षा ठळकपणे हलकी भरणारी बॅटरी तेवढीच ऊर्जा साठवते, असा दावा मान्य करू नये. त्याच वेळी लेबलावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी-चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर पडताळता येतो. बिल जीएसटीचे घ्यावे आणि त्यावर बॅटरीचे मॉडेल लिहून घ्यावे. नंतर बदलून मागायची वेळ आली की त्याचाच आधार असतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. येथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे तीन-चार वर्षे वापरलेली मूळ बॅटरी आणि कालच आणलेली पर्यायी बॅटरी यांची तुलना. लिथियम-आयन सेल वापराने आणि नुसत्या काळानेही क्षमता गमावतात, त्यामुळे अशा सामन्यात नवी बॅटरी जिंकते आणि खरेदीदार समाधानाने घरी जातो. दोन्ही बॅटऱ्या साधारण एकाच वयाच्या असाव्यात. तसे जमत नसेल, तर मूळ बॅटरीचे वय वहीत स्पष्ट लिहावे आणि निष्कर्ष काढताना ते ध्यानात ठेवावे. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत बॅटरीच्या माहितीच्या पानावर पुनर्भारणाची (रिचार्जची) स्थिती तीन हिरव्या चौकोनांनी दाखवतात, आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत बॅटरीचे वय ० ते ४ या अंकांत दिसते. ही नोंदही टिपून घ्यावी.

नवी बॅटरी पहिल्यांदा पूर्ण भारून (चार्ज करून) आणि वापरून घ्यावी, तो फेरा मोजू नये. दुसऱ्या फेऱ्यापासून मोजणी सुरू करावी. बॅटरी पूर्ण भारल्यावर तासभर खोलीत ठेवावी, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते. कॅमेऱ्यात तीच लेन्स, पडद्याची तीच उजळता, चित्र हलू न देणारे स्थिरीकरण एक तर दोन्ही वेळा चालू किंवा दोन्ही वेळा बंद, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, आणि स्वयंचलित वीजबचत बंद असावी. कॅमेरा तिपाईवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखावा आणि बॅटरी संपेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवावा. घड्याळ चौकटीत असले की शेवटची वेळ चित्रफितीतच मिळते, शेजारी बसून राहावे लागत नाही. जुन्या कॅमेऱ्यांत एका चित्रणाला जवळपास अर्ध्या तासाची मर्यादा असते, तेथे ते पुन्हा सुरू करायला मात्र हजर राहावे लागते. कॅमेरा तापून मध्येच थांबत असेल, तर व्हिडिओऐवजी दर दहा सेकंदांनी एक छायाचित्र अशी मांडणी करावी आणि छायाचित्रे मोजावीत.

शक्य असेल तेव्हा दर पंधरा मिनिटांनी पडद्यावरचा टक्का वहीत लिहावा. एकूण किती मिनिटे मिळाली याइतकेच ती मिनिटे कशी उतरली हे महत्त्वाचे आहे. चांगली बॅटरी १०० वरून सरळ पायऱ्यांनी खाली येते आणि अखेरच्या टप्प्यात सूचना देऊन थांबते. खराब बॅटरी ९० वर बराच वेळ रेंगाळते, मग ६० वरून एकदम १५ वर घसरते किंवा तेथेच कॅमेरा बंद पाडते. कॅमेरा बॅटरीतील चिपशी बोलून उरलेली ऊर्जा समजून घेतो. पर्यायी बॅटरीतील चिप ही भाषा नीट बोलत नसेल, तर टक्केवारी हा नुसता अंदाज ठरतो. गेरीत मला फसवले ते याच अंदाजाने. शिवाय चित्रण चालू असताना वीज अचानक तुटली, तर ती चित्रफीत अपुरी किंवा न उघडणारी निघू शकते. म्हणून कमी मिनिटे देणारी पण प्रामाणिकपणे उतरणारी बॅटरी मी पत्करतो, आणि जास्त मिनिटे देऊन मध्येच दगा देणारी बाजूला काढतो. प्रत्येक बॅटरीची अशी चाचणी तीन वेळा करून सरासरी घ्यावी, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पुन्हा करावी, कारण स्वस्त सेलची उणीव बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिसतच नाही.

चाचणीच्या काळात बॅटरीला हात लावून पाहावा. कोमट होणे साहजिक आहे. हातात धरवत नाही इतकी तापणे धोक्याचे आहे. अशा बॅटऱ्यांत साधारणपणे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यांना प्रत्येकी ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे एकूण ८.४ व्होल्टपर्यंत भारले जाते, आणि जास्त भारणे, जास्त उतरवणे किंवा शॉर्ट होणे यांपासून बचाव करणारे एक छोटे सर्किट आत असते. अनेक बॅटऱ्यांत तापमान सांगणारा वेगळा संपर्कबिंदूही असतो. खर्च वाचवायचा असेल, तर उत्पादक येथेच वाचवतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. दोन बॅटऱ्या एकदम भारणारे स्वस्त चार्जर हा तापमानाचा बिंदू वाचतीलच असे नाही, त्यामुळे अशा चार्जरवर बॅटरी रात्रभर ठेवू नये आणि तो गादीवर किंवा पडद्याजवळ ठेवू नये.

आपल्या कॅमेऱ्याची काही कामे विशिष्ट बॅटरीवरच अवलंबून असतात, हेही खरेदीपूर्वी पाहावे. निकॉनच्या झेड६ मध्ये ईएन-ईएल१५बी किंवा १५सी यूएसबीने भारता येतात, पण मूळचीच असलेली जुनी ईएन-ईएल१५ भारता येत नाही. कॅननच्या ईओएस आर५ मार्क २ मध्ये एलपी-ई६पी ही बॅटरी नसेल, तर काही सोयी मर्यादित होतात. पर्यायी बॅटरी कॅमेऱ्यात बसते आणि कॅमेरा सुरू होतो, एवढ्याने ती पूर्ण जुळली असे होत नाही. सलग छायाचित्रणाचा वेग, यूएसबीने भारणे आणि टक्केवारी या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात, आणि कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर पुन्हा पाहाव्यात. दुसऱ्या बाजूने, कित्येक पर्यायी बॅटऱ्यांच्या अंगावरच यूएसबी-सीचे छिद्र असते आणि वेगळ्या चार्जरची गरज राहत नाही. प्रवासात ही सोय फार मोलाची आहे.

किमतीचा हिशेब मात्र घाईने करू नये. पुढचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. समजा, मूळ बॅटरी ६००० रुपयांची असून १२० मिनिटे देते आणि पर्यायी १८०० रुपयांची असून ९० मिनिटे देते. पहिल्या दिवशी मूळ बॅटरीचे एक मिनिट ५० रुपयांना पडते आणि पर्यायीचे २० रुपयांना. आता आयुष्य धरा. मूळ बॅटरी ४८ महिने टिकली आणि त्या काळात तिने सरासरी ११० मिनिटे दिली, तर महिन्याचा खर्च १२५ रुपये, आणि तो ११० मिनिटांवर वाटला तर मिनिटामागे सुमारे १ रुपया १४ पैसे होतो. पर्यायी १८ महिने टिकली आणि सरासरी ७५ मिनिटे देत राहिली, तर महिन्याला १०० रुपये आणि मिनिटामागे १ रुपया ३३ पैसे. पारडे उलटले. पण तीच पर्यायी ३० महिने टिकली, तर महिन्याचा खर्च ६० रुपये, म्हणजे मिनिटामागे ८० पैसे, आणि ती स्पष्टपणे सरस ठरते. सगळा निकाल बॅटरी किती महिने चांगली चालते यावर फिरतो, आणि ते केवळ आपल्या वहीतून कळते. म्हणून प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि पहिल्या वापराची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावी.

यावरून मी स्वतः असे ठरवले आहे. लग्नातल्या मंगलाष्टकांच्या वेळी, गेरीत किंवा अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्यांमध्ये (सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीत), जेथे क्षण पुन्हा मिळणार नाही किंवा झाकण उघडता येणार नाही, तेथे कॅमेऱ्यात मूळ बॅटरी असते. चाचणीत खऱ्या ठरलेल्या दोन पर्यायी बॅटऱ्या खिशात असतात आणि जेवणाची पंगत, तयारी, सराव अशा वेळी त्या वापरल्या जातात. ज्याचे छायाचित्रण सहलींपुरते आहे, त्याने कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ बॅटरी आणि एक चांगली पर्यायी एवढ्यावर थांबले तरी काही बिघडत नाही. जानेवारीच्या पहाटे इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी राखीव बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी, कारण थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि बॅटरी लवकर मान टाकते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र कोणतीच बॅटरी ठेवू नये. उष्णता सेलचे आयुष्य कायमचे कमी करते. महिनोन्‌महिने वापर नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भारून, कॅमेऱ्यातून काढून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. विमानाने जाताना राखीव बॅटऱ्या हातातल्या सामानात, संपर्कबिंदूंवर टोपी लावून न्याव्यात. १०० वॉट-तासांच्या मर्यादेत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सहज बसतात, पण ज्या बॅटरीवर वॉट-तास छापलेलेच नाहीत, तिच्याबद्दल सुरक्षा तपासणीत प्रश्न येऊ शकतो.

बॅटरी कॅमेऱ्यात घट्ट बसू लागली किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलू लागली, तर ती फुगली आहे. तिचा वापर त्याच दिवशी बंद करावा. ती दाबू नये, टोचू नये आणि 'एकदा शेवटची' म्हणून भारू नये. संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पुडीत ठेवावी आणि सकाळी कचरागाडी आली की ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाकण्यासाठी कर्मचाऱ्याच्या हाती सांगून द्यावी.