भेंडीतला मोठा पिवळा कोळी मारू नका, 'लाल कोळी' वेगळा

पाऊस सरला, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि गोराईच्या वाडीतून काय, भांडुप-मुलुंडच्या गच्चीवरून काय, एकच विचारणा येतेय, भेंडीत मोठ्ठा पिवळा कोळी बसलाय, काय मारू? काही मारू नका हो, हात जोडून सांगते.

सगळा घोळ नावाचा आहे. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंनी दुकानात जाऊन नुसतं 'कोळी झालाय' म्हटलं आणि त्यांना कोळीनाशकाची बाटली मिळाली. ते औषध लाल कोळीसाठी, म्हणजे पानाखाली राहणारी ती किडी, टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक, रस शोषते, पानावर फिकट ठिपके पडतात आणि जास्त झाली की पानाखाली बारीक जाळी दिसते. पाय दोघांनाही आठ, दोघं लांबचे नातेवाईकही, म्हणून नाव एक पडलं, पण काम अगदी वेगळं.

आपला बागेतला तो सिग्नेचर स्पायडर. ओळखायला सोप्पा. गोल जाळं, गुडघ्या-कमरेच्या उंचीवर, मधोमध मादी डोकं खाली करून बसलेली, पाय दोन-दोन जोडून धरलेले त्यामुळे लांबून इंग्रजी एक्स दिसतो, आणि बऱ्याचदा जाळ्यातच पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी असते, सही केल्यासारखी. ती कशासाठी यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पाठीवर पिवळे आणि काळपट पट्टे, अंग साधारण एक सेंटीमीटर. कडेला एखादा इवलासा कोळी दिसला तर ते बहुतेक पिल्लू नसतं बरं का, नर असतो! जाळ्याला धक्का लागला की ती अख्खं जाळं गदागदा हलवते, लोक तिथेच घाबरतात, पण ती अंगावर येत नाही, माणसाला तिचा धोका नाही.

नाकतोडे, पतंग, माश्या अडकतात जाळ्यात. कधी एखादी मधमाशी पण अडकते, खोटं कशाला सांगू. मावा (कोवळ्या पानांवर झुंडीने बसून रस शोषणारे बारीक किडे) किंवा लाल कोळी मात्र ती साफ करेल अशी आशा ठेवू नका, त्याला पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, पानं उलटवून बघत राहा, आणि तरीही मावा राहिला तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, जाळं सोडून. सायपरमेथ्रीनसारखं जहाल औषध उगाच मारलं तर लाल कोळीला खाणारे मित्रकिडे आधी मरतात आणि मग लाल कोळी दुप्पट जोराने वाढतो, हे फार जणांच्या वांग्यांवर झालेलं बघितलंय मी.

दिवाळीच्या साफसफाईत झाडू फिरवताना कुंड्यांच्या मागे रेशमी पुडी दिसली तर राहू द्या, अंडी असतात त्यात. आणि जाळं अगदी येण्याजाण्याच्या वाटेत असेल तर एखादा रिकामा मग खाली धरा, वरून काडीने हळूच ढकला, ती धाग्यावरून खाली उतरेल, मग गवती चहाच्या बेटात सोडा, तिथे नवीन जाळं विणेल.