अंजीर आणि हॅम: वाढण्यापूर्वीची तयारी

शाकाहारी कोण आणि डुकराचे मांस न खाणारे कोण, हे इंदुरात बोलावणे करतानाच विचारून घ्यावे. त्यांच्यासाठी अंजिरांसोबत चक्का, ताटली वेगळी आणि सुरीही वेगळी. गरोदर पाहुणीला हा हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचे मांस, देऊ नये, कारण तो शिजवलेला नसतो. मीठ लावून महिनोन्‌महिने वाळवलेला असतो. सँडविचमधला ओलसर, उकडलेला हॅम येथे अजिबात चालणार नाही. इटलीतील पार्मा हॅममध्ये मांस आणि मीठ एवढेच असते, तेव्हा पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी.

तोडलेले अंजीर मऊ पडते, पण गोड होत नाही, त्यामुळे कडक फळे आणून घरी पिकवू म्हणण्यात अर्थ नाही. देठाशी पांढरा चीक असेल तर फळ कच्चे. सालीवर बारीक चिरा आणि बुडाशी तोंड किंचित उघडलेले असेल तर ते आजच खावे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर सासवडहून रात्रीच्या गाडीने कुणी आणणार असेल, तर पसरट डब्यात एकाच थरात आणायला सांगावे. पिशवीतून आले तर सरळ जॅम करावा.

आता मुख्य गोष्ट, जी मागच्या वेळी राहून गेली: हॅम वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजबाहेर काढून झाकून ठेवावा. गार हॅमची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, काप एकमेकांना धरून बसतात आणि ओढताना त्यांच्या चिंध्या होतात, ज्या मग पाहुण्यांदेखत अंजिरावर रचत बसावे लागते. चरबी मऊ होऊन चकाकू लागली, की काप अख्खा सुटतो. मे महिन्यात दहा मिनिटे पुरतात. जानेवारीत इंदूरचे स्वयंपाकघरच गार असते, तेव्हा अर्ध्या तासाचा पाऊण तास करावा. मोबाइलवर गजर लावावा. ‘लक्षात राहील’ असे म्हणू नये, कारण दारावरची घंटा वाजली की गप्पा सुरू होतात आणि पाकीट फ्रिजमध्येच राहते. अंजिरेही फ्रिजमध्ये असतील तर तीही त्याच वेळी काढावीत. पुन्हा सांगतो, गजर लावावा.

पुढचे सोपे आहे. फळे धुऊन पुसावीत, सोलू नयेत. देठ काढून वरून अधिक चिन्हासारखा छेद द्यावा, बुडापर्यंत नेऊ नये, मग बूड दाबावे. माणशी दोन अंजिरे, दोन काप. मीठ नको, मिरपूड चालेल, मध फक्त फळ फिके निघाले तरच. उरलेले काप मध्ये कागद घालून डब्यात ठेवावेत. कापलेली अंजिरे मात्र त्याच रात्री संपवावीत.