गुरुवारची खिचडी

सरकारी दवाखान्यासमोर पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही दर गुरुवारी खिचडी वाढतो. तुम्हालाही सुरू करायचं असेल तर घरच्या पातेल्यात मावेल तेवढ्यापासूनच करा. पन्नास माणसांना साधारण पाच किलो तांदूळ आणि दीड किलो मूगडाळ लागते. डाळ-तांदूळ आदल्या रात्रीच निवडून ठेवा.

विठ्ठल देईल या भरवशावर किराणावाल्याकडे उधारी मात्र करू नका. हाती असेल तेवढंच शिजवा, पै-पैचा हिशोब वहीत लिहा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ ठेवलं ते खापर आणि काठी.

एका बुधवारी डब्यात दोनच किलो तांदूळ होते. दिवा लावला, तेवढ्याचीच तयारी केली. सकाळी सहाला शेजारच्या काकू पिशवी घेऊन दारात! नातवाचा वाढदिवस होता. आणखी एका गुरुवारी कुणीच काही घेऊन आलं नाही. वीस जणांना वाढलं, बाकीच्यांसमोर हात जोडले. तो दिवसही मी विठ्ठलाचाच मानते.

वाढताना घाई नको. आधी विचारा, "काल रात्री जेवलात का?" नाही म्हणेल त्याला लोणच्याची फोड जास्त द्या.