नकाशावरून वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती: मापं उतरवताना

जुन्या रेल्वे इंजिनाचा नकाशा हाती आला, की झेरॉक्सवर तो हव्या त्या टक्क्यांनी लहान करावा आणि पत्र्यावर चिकटवून थेट करवत चालवावी, असा मोह होतो. माझं ऐका, तो आवरा. मापं घ्यायची ती नकाशावर लिहिलेल्या आकड्यांवरून. रेघा बघायच्या त्या आकार कळावा म्हणून. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि तेही उभं-आडवं सारखं नाही. त्यात आपल्या हाती असते ती बहुतेक वेळा प्रतीची प्रत.

आधी प्रमाण ठरवा. मी ब्रिटिश पद्धतीच्या ओ गेजमध्ये (रेल्वे प्रतिकृतींच्या एका ठरलेल्या प्रमाणात) काम करतो: एका फुटाला ७ मिमी, म्हणजे साधारण १:४३.५. याच नावाखाली अमेरिकेत १:४८ चालतं आणि युरोपात १:४५, तेव्हा नकाशावर नुसतं 'ओ' लिहिलेलं असेल तर आधी खात्री करून घ्या. जुने ब्रिटिश नकाशे फूट-इंचात असतात, त्यामुळे हिशेब सोपा: इंचांना बाराने भागून फुटांत मिळवा आणि सगळ्याला सातने गुणा. ६ फूट ८ इंचांचं चाक ४६.६७ मिमी होतं. हा व्यास रुळावर टेकणाऱ्या भागाचा असतो, फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कडा, त्याच्या बाहेर.

घुमटाची वळणं, केबिनच्या खिडकीचा कोपरा, पायऱ्या यांचे आकडे सहसा दिलेले नसतात. ते रेघेवरूनच मोजावे लागतात, म्हणून आधी नकाशाचीच परीक्षा घ्या. लिहिलेलं एखादं लांब माप शोधा. समजा, जोडलेल्या मोठ्या चाकांपैकी पहिल्या आणि शेवटच्या आसांमधलं अंतर १४ फूट ६ इंच दिलंय. ७ मिमीच्या प्रमाणात काढलेल्या प्रिंटवर ते १०१.५ मिमी यायला हवं. तुमच्या प्रिंटवर ९८.९ भरलं, तर आडवा गुणक १०१.५ भागिले ९८.९, म्हणजे १.०२६. असाच उभा गुणक काढा, रुळाच्या माथ्यापासून चिमणीच्या टोकापर्यंत. दोन्ही वेगळे निघाले तर नवल नाही. आडव्या मापांना आडवा लावा, उभ्यांना उभा. प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा.

मापं साखळीने घेऊ नका. बफर बीमपासून (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीपासून) पहिला आस, तिथून दुसरा, तिथून तिसरा असं केलं की प्रत्येक वेळची चूक पुढच्या मापात जमा होते. उंची नेहमी रुळाच्या माथ्यापासून आणि लांबी एकाच ठरलेल्या आसापासून मोजा. मी मधला आस धरतो.

आता जिथे प्रमाण मोडावंच लागतं ते. ५ मिमीचा पत्रा या हिशेबाने जेमतेम ०.१ मिमी होतो. तसल्या पत्र्याची केबिन बोटाने चेपेल. जाड पितळ घ्या, पण बाहेरचं माप कायम ठेवा आणि जाडी आतून वजा करा. कडा मात्र कानशीने पातळ करा, कारण नजर कडेवरच जाते. रुळांचंही तसंच: दोन रुळांमधल्या १४३५ मिमी अंतराचे (गेजचे) ३३ मिमी व्हायला हवेत, पण बाजारात मिळणारे प्रतिकृतीचे रूळ ३२ मिमीचे. म्हणून फ्रेमची, म्हणजे आस धरणाऱ्या सांगाड्याची, रुंदी नकाशावरून घेऊच नका. चाकांच्या पाठींमधलं (आतल्या बाजूंमधलं) अंतर मोजा आणि वळणावर आस बाजूला सरकायला जागा सोडून मग ठरवा. वरच्या अंगाची रुंदी मात्र नकाशाप्रमाणेच. चाकं जवळजवळ असतील तर त्यांची वर्तुळं फ्लँजसकट कागदावर काढून बघा. प्रतिकृतीचे फ्लँज प्रमाणापेक्षा मोठे असतात आणि मधल्या फटीत ब्रेकचे ठोकळेही बसवायचे असतात.

नकाशा इंजिन बनलं तेव्हाचा असतो. पुढे बॉयलर बदलले, चिमण्या आखूड झाल्या. ज्या वर्षाचं इंजिन करायचंय त्या वर्षाचा, नंबर दिसणारा फोटो मिळवा आणि जिथे दोघांचं पटत नाही तिथे फोटोचं ऐका.

आसांच्या भोकांना मात्र नकाशा पुरत नाही. दोन्ही फ्रेमचे पत्रे एकमेकांवर डाख लावून जोडा आणि एकत्रच भोकं पाडा. कपलिंग रॉडची, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांची, भोकंही त्याच पत्र्यांवरून उतरवा. १०१.५ ऐवजी १०१.३ आलं तर कुणाला दिसणार नाही, पण फ्रेममध्ये १०१.५ आणि रॉडमध्ये १०१.३ झालं तर चाकं प्रत्येक फेऱ्यात अडकतील.