धूमकेतूची शेपटी मोजण्याआधी

एमएस्सी संपवून पुण्यात प्रोजेक्टवर रुजू झाले, त्या दिवशी मॅडमनी पांढऱ्या भुकटीची एक छोटी बाटली हातात दिली. नॅनो आकाराचं टायटॅनियम डायऑक्साइड. म्हणाल्या, "ही माणसाच्या पेशीतल्या डीएनएला धक्का लावते का, एवढंच शोध." त्या 'एवढंच'मध्ये माझी दीड वर्षं गेली. या कामात नव्याने येणाऱ्यांना त्यातलं थोडं तरी आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितेय.

१ ते १०० नॅनोमीटरचे कण, आणि डीएनएच्या गोफाची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर. कण थेट जाऊन डीएनए तोडतो असं चित्र आपल्या मनात असतं, पण बहुतेक वेळा तसं होत नाही. कणामुळे पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि ते डीएनएला इजा करतात. २०२१ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हाच पदार्थ, ई१७१ हा खाद्यरंग, सुरक्षित मानता येणार नाही असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये तिथे तो अन्नातून बंद झाला. त्यांचं कारण नीट वाचा: जनुकीय हानीची शक्यता 'नाकारता येत नाही'. 'हानी सिद्ध झाली' असं ते म्हणत नाहीत. हा फरक ज्याला कळला, त्याच्या हातून या क्षेत्रात चांगलं काम होईल असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकात जनुकीय हानीची पहिली चाचणी शास्त्रज्ञ एम्स यांच्या नावाची असते, जिवाणूंवरची. नॅनोकणांसाठी ती भरवशाची नाही, कारण जिवाणूच्या भिंतीतून कण आत जातीलच असं नाही, आणि चांदीचे कण तर जिवाणूंना मारूनच टाकतात. म्हणून मानवी पेशी. पुण्यात याची सोय चांगली आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशी-संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रात पेशींचं भांडार आहे, तिथून रीतसर पेशी मागवता येतात. रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वापरणार असाल तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. रक्त देणाऱ्याचं लेखी संमतिपत्र लागतं, आणि मंजुरीला लागायचा तो वेळ लागतोच.

आता भुकटीकडे. मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात, टाकली की तिचे गठ्ठे होतात. माझी पहिली नळी ताकासारखी पांढरी दिसत होती. अर्ध्या तासाने बघितलं तर वर निवळ पाणी आणि तळाशी साका. म्हणजे पेशींना मिळालेला डोस मी वहीत लिहिलेला नव्हताच. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोडणं) किती मिनिटं, कशात, सीरम (रक्तातला द्रव) आधी की नंतर, हे दर वेळी तेच ठेवा आणि कणांचा आकार त्याच मीडियात डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार सांगणाऱ्या यंत्रावर, मोजा. बाटलीवर छापलेला आकार पेशीला दिसत नाही. एंडोटॉक्सिनही तपासून घ्या, नाहीतर जिवाणूंच्या कचऱ्याचा दोष कणांच्या माथी बसतो.

डीएनए किती तुटला ते दाखवणाऱ्या कॉमेट (म्हणजे धूमकेतू) चाचणीत काचेच्या स्लाइडवर पेशी ॲगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात बसवतात, लायसिसमध्ये पेशीचं आवरण विरघळवतात, मग पीएच १३च्या वरच्या द्रावणात वीज सोडतात. तुटलेला डीएनए पुढे सरकतो आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते. जुलैत पुण्याच्या हवेत पहिल्या थराच्या स्लाइड वाळतच नाहीत. माझ्या चार स्लाइडवरचे थर लायसिसच्या बरणीत सुटून तरंगत होते. तेव्हापासून मी स्लाइड आदल्या दिवशी ओव्हनमध्ये वाळवते.

खरा धडा मात्र पुढचा. तिसऱ्या महिन्यात सुंदर निकाल आला. डोस वाढला तशी शेपटी लांबली, नुसत्या पेशी स्वच्छ, मुद्दाम डीएनए तोडायला हायड्रोजन पेरॉक्साइड दिलेल्या स्लाइड अपेक्षेप्रमाणे. मी आलेखही काढला. मॅडमनी एकच विचारलं, "लाइट कुठला होता?" हे काम मंद पिवळ्या दिव्यात करायचं असतं. कव्हरस्लिपखालचे बुडबुडे दिसावेत म्हणून मी खिडकीशेजारी, ट्यूबलाइटखाली बसले होते. प्रयोग अंधारात पुन्हा केला आणि बरीचशी शेपटी नाहीशी झाली. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात रासायनिक क्रिया घडवतं. लायसिसनंतर डीएनए उघडा, कण त्याला चिकटलेले, वरून उजेड. तोडफोड काचेवर झाली होती, जिवंत पेशीत नव्हे. तेव्हापासून एक जादा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची स्लाइड, मी कधीच चुकवत नाही: कण न दिलेल्या पेशींत लायसिसच्या अगदी आधी कण मिसळायचे. तिथेही शेपटी आली, तर निकाल बाजूला ठेवायचा.

दुसरी चाचणी मायक्रोन्यूक्लियसची. विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा लहानशा केंद्रकासारखा दिसतो. सायटोकॅलॅसिन-बी हे औषध देऊन पेशी दुभंगायची थांबवतात आणि दोन केंद्रकांच्या पेशींत मोजतात. पण हेच औषध पेशीची कण गिळण्याची वाटही अडवतं. म्हणून आधी कण, मग औषध. लिम्फोसाइटचं कल्चर (पेशींची वाढ) लावल्यापासून औषध साधारण ४४ तासांनी आणि पेशींची काढणी ७२ तासांनी. मंगळवारी दुपारी १२ला कल्चर लावलं तर गुरुवारी सकाळी ८ला औषध, शुक्रवारी दुपारी १२ला काढणी. रात्री नऊला लावलंत, तर शुक्रवारी रात्री नऊला लॅबमध्ये एकट्याने बसावं लागेल. रंगवायला डीएनएलाच धरणारा चमकणारा रंग घ्या, साध्या रंगात कणांचा गठ्ठाही मायक्रोन्यूक्लियस वाटतो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४८७ क्रमांकाच्या चाचणी-पद्धतीत प्रत्येक डोसला किमान २००० द्विकेंद्री पेशी मोजायच्या असतात. डोळे दुखतात, मान आखडते. कितीही घाई असली तरी स्लाइडवरची नावं दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या, त्यावर नुसते आकडे लावा. कुठली स्लाइड कुठल्या डोसची हे माहीत असलं की डोळा नकळत शेपट्या शोधू लागतो.

आमच्याकडे नवीन मुलगी आली की तिला कण देत नाही. नुसत्या पेशींच्या दहा स्लाइड देते, प्रत्येकीवर ५० पेशी मोजायला सांगते आणि दोन दिवसांनी त्याच स्लाइड नवे आकडे लावून पुन्हा देते. दोन्ही मोजण्या जुळल्या की कणांची बाटली तिच्याकडे.