पॉप-अपवर इलाज करताना या चुका टाळा

शनिवारी रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक शोधायला म्हणून कुठलीशी साइट उघडली आणि रविवारपासून 'तुमच्या फोनमध्ये 4 व्हायरस सापडले' असे इशारे, म्हणजे मध्येच उगवणाऱ्या पॉप-अप जाहिराती, टणाटण वाजायला लागले. पुढे काय होतं? कुणीतरी सांगतं म्हणून एखादं 'क्लीनर' ॲप उतरवलं जातं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जाहिरात नेमकी कुठून येते हे न पाहता उपाय करणं ही सगळ्यांत मोठी चूक, बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातल्या. ओळखायला दोन मिनिटं पुरतात. ठरावीक साइट उघडल्यावरच जाहिरात दिसत असेल, तर ती त्या पानाची. ब्राउझर बंद असतानाही वरच्या पट्टीत येत असेल आणि तिच्यावर क्रोमचं चिन्ह व साइटचं नाव असेल, तर ती तुम्हीच दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. होम स्क्रीनवर किंवा कॉल संपल्या संपल्या अख्खा स्क्रीन व्यापणारी जाहिरात आली, तर एखादं ॲप. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच प्रकारची भलती पानं उघडत असतील, तर संशय राउटरवर घ्यायचा.

'अलाउ' दाबणं

दहावीचा निकाल, म्हाडाची सोडत, लोकलचं वेळापत्रक अशा घाईच्या शोधात भेटणाऱ्या कित्येक साइट्स आधी एक चौकट दाखवतात: 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा'. खरी रोबो-तपासणी कधीही नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही. एकदा अलाउ दाबलं की ती साइट उघडी असण्याची गरजच उरत नाही. तिचे संदेश ब्राउझर मागच्या मागे घेतो आणि दाखवतो. म्हणून टॅब बंद करून किंवा फोन रीस्टार्ट करून काही फरक पडत नाही. हिस्ट्री पुसूनही नाही, कारण परवानग्या वेगळ्या जागी साठवलेल्या असतात.

ॲन्ड्रॉइडवर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव उघडून परवानगी काढून घ्या. त्याच पानावर वरचं बटण बंद केलं, तर यापुढे कुठलीच साइट विचारणार नाही, आणि बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही. फोनमध्ये सॅमसंग इंटरनेट किंवा फायरफॉक्सही असेल, तर त्यांच्या याद्या वेगळ्या असतात; त्याही पाहाव्या लागतात. आयफोनवर हाच प्रकार बऱ्याचदा कॅलेंडरमधून होतो. चुकून एखादं कॅलेंडर सबस्क्राइब झालं, की रोज 'व्हायरस'च्या भेटी ठरलेल्या दिसतात. एकेक नोंद पुसत बसू नका, ते सबस्क्रिप्शनच काढून टाका.

'पॉप-अप ब्लॉकर चालू आहे, तरी येतातच'

येणारच. ब्राउझर आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवतो. तुमच्या स्पर्शाने उघडलेली खिडकी त्याच्या दृष्टीने तुम्हाला हवी असते. फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या साइट्स याचाच फायदा घेतात. प्ले बटणावर एक पारदर्शक थर पसरलेला असतो, त्यामुळे पहिला टॅप नवीन टॅब उघडण्यात जातो. क्रोम 2018 पासून त्रासदायक जाहिराती रोखतो, पण ठरावीक निकष मोडणाऱ्या साइट्सवरच. इन्कॉग्निटोचा (हिस्ट्री न साठवणाऱ्या मोडचा) तर जाहिराती रोखण्याशी संबंधच नाही. आणि 1909 वर डीएनडी नोंदवून ब्राउझरमधल्या जाहिराती थांबत नाहीत; ती सोय कॉल आणि एसएमएससाठी आहे.

जाहिरातीतली बारीक फुली बहुधा चित्रातलीच असते. ती नेम धरून दाबण्यापेक्षा टॅब-स्विचर उघडून अख्खा टॅब बाजूला सारावा. बॅक दाबूनही तेच पान परत येत असेल, तर लॅपटॉपवर बॅकचं बटण दाबून धरा. मागच्या पानांची यादी येते, त्यातून थेट हव्या पानावर उडी मारा.

ॲड-ब्लॉकर एकावर एक चढवणं

दोन ब्लॉकर एकत्र लावल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. ते एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि पानं अर्धवट उघडतात. एकच ठेवा. यूब्लॉक ओरिजिन हे त्यासाठीचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन; नाव नीट वाचून घ्या, 'यूब्लॉक' एवढंच नाव असलेलं वेगळं एक्स्टेंशन आहे. क्रोमने जुन्या पद्धतीच्या एक्स्टेंशन्सचा आधार काढून घेतल्यामुळे तिथे आता यूब्लॉक ओरिजिनची लाइट आवृत्तीच चालते. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स. ॲन्ड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही ते बसतं, क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत मात्र एक्स्टेंशन लावण्याची सोयच नाही.

दुसरा मार्ग प्रायव्हेट डीएनएसचा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). ॲन्ड्रॉइड 9 आणि पुढच्या फोनमध्ये नेटवर्क सेटिंग्जमध्ये हा पर्याय असतो. तिथे डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम हा पत्ता इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता टाकला की बऱ्याच ॲप्समधल्या जाहिरातीही थांबतात. यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. इथे हमखास घोटाळा होतो तो स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायला: लॉगिनचं पान उघडतच नाही आणि लोक वाय-फायला शिव्या देतात. डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा, लॉगिन करा, मग परत पूर्ववत करा.

दोषी ॲप न शोधता फोन फॉरमॅट करणं

स्टेशनबाहेरचा दुरुस्तीवाला फॉरमॅट मारून देतो, आपण घरी येऊन बॅकअप परत चढवतो, आणि त्यासोबत तेच ॲपही परत येतं. त्याऐवजी जाहिरात स्क्रीनवर असतानाच रीसेंट्सचं (अलीकडे उघडलेली ॲप्स दाखवणारं) बटण दाबा. बऱ्याचदा तिथे ॲपचं नाव दिसतं. नाहीच दिसलं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. पुष्कळ फोनवर पॉवर बटण धरून आलेला 'पॉवर ऑफ' पर्याय दाबून धरला की सेफ मोड विचारला जातो. त्यात बाहेरून घेतलेली ॲप्स बंद असतात. जाहिराती थांबल्या, तर गुन्हेगार त्यांच्यातलाच. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फाइल क्लीनर, वॉलपेपर यांच्यापासून सुरुवात करा. 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' ही परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही तपासा. अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसत असेल, तर आधी सिक्युरिटीमध्ये जाऊन त्या ॲपचा डिव्हाइस ॲडमिनचा हक्क काढा.

रेडमी, पोको वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: सिस्टिम ॲप्समध्ये येणाऱ्या जाहिराती व्हायरस नसतात, कंपनीनेच ठेवलेल्या असतात. सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स अँड सिक्युरिटी, ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन, तिथे एमएसए (या जाहिराती दाखवणारी सेवा) बंद करा. 10 सेकंदांची उलटी गणती होते आणि कधी कधी पहिल्या वेळी 'जमलं नाही' असं येतं, पुन्हा करा.

लॅपटॉपवरच्या इशाऱ्यातला नंबर फिरवणं

भोंगा वाजतो, स्क्रीन लाल होतो, माउस हलत नाही आणि मधोमध 'सपोर्ट'चा फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा, मग ऑल्ट-एफ4. तरी हटलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. पुन्हा सुरू करताना 'रिस्टोअर' म्हणू नका, तेच पान परत येईल.

फोन केला असेल आणि समोरच्याला एनीडेस्कसारखं, दुरून तुमचं यंत्र चालवू देणारं ॲप उघडून दिलं असेल, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत सरकतात. जाहिरातीवर टॅप झाल्यापासून प्रीपेडचा बॅलन्स थोडा थोडा कटत असेल, तर ती मूल्यवर्धित सेवा (मोबाइल कंपनीमार्फत पैसे कापणारी जादा सेवा) असू शकते. ती बंद करायला 155223 वर फोन करा.

राहिला राउटर. केबलवाल्याने बसवून दिलेल्या राउटरचा पासवर्ड बऱ्याचदा 'ॲडमिन'च ठेवलेला असतो, तो बदला. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी आकडे दिसले तर राउटर फॅक्टरी रीसेट करा. पण त्याआधी केबलवाल्याकडून लॉगिनचं यूजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर तो येईपर्यंत घरचं नेट बंद.