ओव्हरक्लॉकिंगमधल्या या चुका टाळा: जानेवारीत टेस्ट पास झालेला पीसी मे महिन्यात का बंद पडतो?

अकोल्यात मे महिन्यातल्या एका दुपारी व्हिडिओ रेंडर करताना माझा पीसी चौथ्यांदा रीस्टार्ट झाला. आधी रॅमवर संशय घेतला, मग पॉवर सप्लायवर, मग विंडोजवर. चूक मात्र जानेवारीतच झाली होती. खोलीत २२ अंश असताना मी प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवला (यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात), प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी टेस्ट लावली, ७६ अंशांच्या वर काही जात नाही हे पाहिलं आणि सेटिंग कायम केलं. मे महिन्यात त्याच खोलीत ३९ अंश होते. खोली १७ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो, कारण प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला फुंकर मिळते ती खोलीतल्याच हवेची. ७६ चे ९३ झाले.

माझ्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे ती ओलांडली गेलीच नव्हती. तरीही पीसी पडला, कारण तापलेल्या चिपला तोच क्लॉक पेलायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं आणि मी थंडीत जेमतेम पुरेल एवढंच दिलं होतं. ‘तापमान मर्यादेत आहे’ आणि ‘पीसी स्थिर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, थंडीत केलेली टेस्ट अर्धीच समजा. उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास, कॅबिनेटचं झाकण लावून ती पुन्हा घ्या. आणि खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका.

सगळ्यांना एकच आकडा लावू नका

‘८० च्या वर गेलं की धोका’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले एक्स मॉडेल पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत. रायझन ७ ५८००एक्सची मर्यादा ९०, तर ७८००एक्स३डीची ८९. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १००. या आकड्याला पोचलं की प्रोसेसर स्वतःहून क्लॉक कमी करतो. हाताने क्लॉक आणि व्होल्टेज वाढवलं असेल, तर सर्वांत जड टेस्टमध्येही मर्यादेच्या आत दहाएक अंश मोकळे ठेवावेत, असं माझं मत आहे.

तापमानापेक्षा व्होल्टेजची काळजी जास्त करा. उष्णता क्लॉकच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. ४.५ गिगाहर्ट्झवरून ४.७ वर जाताना व्होल्टेज १.२५ चं १.३५ केलंत, तर वेग वाढतो साडेचार टक्क्यांच्या आत, पण उष्णता सुमारे २२ टक्क्यांनी. शिवाय व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडलं की बरेच मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्तच देतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत तर ओव्हरक्लॉक न करताही प्रोसेसरकडून अवाजवी व्होल्टेज मागितलं जात होतं आणि त्यामुळे चिपची कायमची झीज होत होती. २०२४ मध्ये कंपनीने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढून ते आवरलं, पण झालेली झीज त्याने भरून येत नाही. त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर काहीही बदलण्याआधी बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा; ही दुरुस्ती त्यातूनच येते.

दहा मिनिटांचं सिनेबेंच म्हणजे टेस्ट नव्हे

सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममधून थंडावा पुरतो का, एवढाच अंदाज येतो. प्राइम९५ या प्रोग्रॅमची ‘स्मॉल एफएफटी’ ही टेस्ट त्याहून जड, आणि त्याची खुबी अशी की गणिताचं उत्तर कुठल्या हद्दीत असायला हवं हे त्याला माहीत असतं. एकदा रात्री टेस्ट लावून झोपलो. सकाळी पीसी सुरूच होता, पंखे फिरत होते, पण एका वर्करच्या खिडकीत (प्रोसेसरमधले कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, वेगवेगळे तपासायला वेगवेगळे वर्कर असतात) ओळ होती: ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’. बाकीचे सगळे वर्कर व्यवस्थित चालले होते. अशा वेळी ‘एकच तर थांबला’ म्हणून सोडून देऊ नका. त्या कोअरने गणित चुकवलं आहे, आणि उद्या ते झिप फाइलमध्ये किंवा लग्नाच्या फोटोंमध्ये चुकेल, तेव्हा पडद्यावर काहीच दिसणार नाही. म्हणूनच टेस्टआधी महत्त्वाच्या फाइल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.

सर्वांत जास्त लोक फसतात ते याच्या उलट ठिकाणी. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सेटिंगने व्होल्टेज कमी केलं, चार तास पूर्ण लोड झेलला, आणि दुसऱ्या दिवशी नुसता पेपर वाचताना पीसी रीस्टार्ट! पूर्ण लोडवर सगळे कोअर थोड्या कमी क्लॉकवर चालतात. हलक्या कामात एकच कोअर सर्वांत उंच उडी मारतो, आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. यासाठी कोअरसायक्लर हा प्रोग्रॅम वापरा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. रीस्टार्ट झाल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यातल्या एपिक आयडी (APIC ID) या क्रमांकावरून बहुतेक वेळा दोषी कोअर सापडतो. तेवढ्याच कोअरची व्होल्टेज-कपात कमी करा, सगळं सेटिंग उधळून लावायची गरज नसते.

रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) आणि प्रोसेसरचा क्लॉक एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. आणि निळा पडदा न येता पीसी एकदम काळा होऊन बंद पडत असेल, तर आधी यूपीएस पाहा. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॉटपर्यंतच लोड घेतात. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर एकत्र तापवले की ते ओव्हरलोड होऊन बंद पडतात आणि संशय बिचाऱ्या प्रोसेसरवर जातो.

माझ्या पीसीवर मी शेवटी १०० मेगाहर्ट्झ कमी केले; कमी क्लॉकला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून तेही एक पायरी उतरवता आलं. मे महिन्यातल्या दुपारच्या टेस्टमध्ये आता ८६ अंश दिसतात. दोन तासांच्या रेंडरला दोन-अडीच मिनिटं जास्त लागतात.